घरांत आलेलें घरटें

शेतकऱ्याचें घर हें एकट्या शेतकऱ्याचें कधींच नव्हतें. गुरें, मांजरें, उंदीर व पांखरें हीं त्यांत पूर्वापार नांदत आलीं आहेत. आणि त्यांपैकीं उंदीर वगळून बाकीच्यांस घरधन्यानें राहूं दिलें तें निव्वळ भूतदयेनें दिलें असें नाहीं. आमच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माळवदी घरांत तुळईच्या टोकाशीं एखादें खबदाड असावयाचें व त्यांत चिमणी असावयाची, हें इतकें ठरलेलें होतें कीं तिकडे कोणी मुद्दाम मान वर करून पाहत नसे. सध्यां हीं घरें पडत चाललीं आहेत आणि त्यांच्या जागीं सिमेंटचीं बांधकामें उठत आहेत. त्यांस खबदाड नाहीं, वळचण नाहीं, देवळी नाहीं. याचा परिणाम असा झाला आहे कीं, ज्या जागेची कोणी कल्पनाही करणार नाहीं तेथें पांखरें घरटीं करूं लागलीं आहेत, आणि तीं दृष्टीस पडतांच आपण काठी शोधूं लागतों. या काठीविषयीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम मीं स्वतः पाहिलेल्या कांहीं जागा सांगतों. विहिरीवरील विजेच्या पंपाच्या स्टार्टरची पेटी ही साळुंकीच्या विशेष आवडीची. पेटीचें दार किंचित् उघडें राहिलें कीं ती आंत शिरते आणि काड्या, दोरे, कागद, इतकेंच काय, सापाची कातसुद्धां आणून पेटी गच्च भरते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं रात्रींच्या वीजपाळीस जाऊन अंधारांत पेटींत हात घातला, तों हातांत कात आली. पुढें आठ दिवस पिकास पाणी त्यांच्या धाकट्या भावानें दिलें. (ही एक जागा मात्र अशी आहे कीं तेथें घरटें होऊंच देऊं नये. वाळल्या काडीस ठिणगी पुरते. दार आधींच नीट लावून घ्यावें, म्हणजे पुढें पिलें काढून टाकण्याचें पाप लागत नाहीं.) पडवींतील लोंबत्या तारेस किंवा कपडे वाळत घालावयाच्या दोरीस शिंजिराची मादी पिशवीसारखें घरटें टांगते. शिंजिरास कोणी सूर्यपक्षी म्हणतात. कोळ्याच्या जाळ्यांनीं गुंफलेलें, वरून सालपटें चिकटविलेलें आणि दारावर लहानशी छपरी काढलेलें तें घरटें पाहणाऱ्यास जळमटाचा गोळा वाटतें, आणि झाडलोटींत केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशीं जातें. परसांतील वांग्याचें पान शिवून त्यांत शिंपी नांवाचें पांखरूं बिऱ्हाड करतें व त्याच वांग्यावरील अळ्या वेंचून आपलीं पिलें वाढवितें.

मी महसूल खात्यांत कारकून होतों तेव्हां आमच्या दफ्तरखान्यांत एका चिमणीनें जुन्या फेरफारांच्या रुमालामागें घर केलें होतें. एका वारसाच्या नोंदीकरितां नेमका तोच रुमाल काढण्याचा प्रसंग आला. शिपायानें रुमाल सांपडत नाहीं असें सांगितलें, आणि मींही त्यास दुजोरा दिला. पंधरवड्यानें पिलें उडालीं व रुमाल सांपडला. माझ्या सबंध नोकरींत जाणूनबुजून दिलेला हा एक खोटा जबाब आहे. त्या वारसदारांची या पानांवरून क्षमा मागतों.

चिमणीविषयीं शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाहीं. बाजरी दुधांत आली म्हणजे गोफण घेऊन उभें राहावें लागतें, तें मला ठाऊक आहे. परंतु चिमणी स्वतः दाणे खात असली तरी तिच्या कोवळ्या पिलांना दाणा पचत नाहीं; त्यांना ती अळ्या व किडेच भरविते. म्हणजे ज्या दिवसांत पिकावर अळी असते त्याच दिवसांत चिमणीच्या घरीं खाणारीं तोंडें असतात. ही गोष्ट विसरण्याची मोठी किंमत एका देशानें दिली आहे. १९५८ सालीं चीनच्या सरकारनें उंदीर, माश्या व डांस यांच्या पंक्तीस चिमणीला बसवून चौघांचा संहार आरंभिला. लोकांनीं थाळ्या बडवून चिमण्यांस बसूं म्हणून दिलें नाहीं, घरटीं पाडलीं, अंडीं फोडलीं. चिमण्या गेल्या आणि पिकांवर किडीचा जोर झाला. शेवटीं १९६० सालीं त्या यादींतून चिमणीचें नांव काढून त्या ठिकाणीं ढेकणाचें घालावें लागलें. त्या वर्षांत तेथें जो भयंकर दुष्काळ पडला त्यास इतरही अनेक कारणें होतीं, हें खरें. पण चिमणी मारून धान्य वाढलें नाहीं एवढें निश्चित.

सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या बाळपणची एक हकीकत येथें आठवते. मुंबईकडील त्यांच्या घरच्या तबेल्याच्या भिंतींतील एका भोकांत चिमणीचें घरटें होतें व भोकाजवळच्या खिळ्यावर नर बसत असे. मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें तो नर मारला. थोड्याच वेळांत मादीनें दुसरा नर आणला. तोही गेला, तिसरा आला. सात दिवसांत आठ नर मारले गेले, आणि प्रत्येक वेळीं रिकाम्या जागेवर नवा उमेदवार हजर! मुलानें हें सर्व टिपून ठेवलें, आणि पुढें मोठेपणीं तें टिपण प्रसिद्ध झालें. वाचणारे यांतून निरनिराळे अर्थ काढतील. मला यांत एवढेंच दिसतें कीं, चिमणीला जोडीदार मिळतो, काडी मिळते, चारा मिळतो. दुर्मिळ असतें तें भिंतींतील भोंक. तें एकदां मिळालें म्हणजे कांहीं झालें तरी ती तें सोडीत नाहीं. आपल्या नव्या घरांत तेवढेंच आपण ठेवलेलें नाहीं.

आतां ज्या पांखरासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. तें म्हणजे घुबड.

घुबडांच्या जाती पुष्कळ. पिंगळा हें त्यांतलेंच एक लहान घुबड. पहांटे दारीं येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशाचें नांव त्यावरूनच पडलें. परंतु माणसाच्या घरांत येऊन राहणारें जें पांढुरक्या, पानाच्या आकाराच्या तोंडाचें घुबड, त्यास आपल्या पूर्वजांनीं गव्हाणी घुबड असें नांव दिलें आहे. गव्हाण म्हणजे गुरांस वैरण घालण्याची जागा. इंग्रजांनींही त्याचें नांव धान्यवैरणीच्या कोठारावरूनच ठेवलें आहे. ज्याच्या नांवांतच आपला गोठा आहे त्या पांखरास आपण गोठ्यांतून हांकलतों, यापरता विनोद तो कोणता?

चार वर्षांपूर्वीं कार्तिक महिन्यांत आमच्या गोठ्यावरील कडब्याच्या माळ्यांतून रात्रीं फूत्कार ऐकूं येऊं लागले. साप असावा या भयानें गडी वैरण काढावयास जाईना. माझ्या पुतण्यानें शिडी लावून विजेरीच्या उजेडांत पाहिलें, तों कोपऱ्यांत मादी बसलेली व तिच्या पोटाखालीं पांच पांढरीं अंडीं. घरटें म्हणून कांहीं नव्हतें. हें घुबड काडी जमवीत नाहीं, स्वतःच टाकलेल्या केंसांच्या व हाडांच्या भुग्यावरच अंडीं घालतें.

घरांत एकच गलबला झाला. माघांत थोरल्या बंधूंच्या मुलीचें लग्न ठरलेलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लक्ष्मीपूजन होऊन पंधरा दिवस झाले नाहींत तों घरांत हें! आजच्या आज धूर करा." एक शेजारी मिरच्यांची धुरी विनामूल्य देण्यास तयार होऊन आलेच होते. मीं वहिनींस सांगितलें कीं, घुबड तर लक्ष्मीचें वाहन. बंगाल्यांत याच पांढऱ्या घुबडास लक्ष्मीचें घुबड म्हणतात व तें घरीं येणें शुभ मानतात. त्यावर त्यांचें उत्तर असें, "बंगाल्यांची लक्ष्मी बंगाल्यांच्या घरीं. आपल्याकडे घुबड बोललें कीं घरांतलें माणूस जातें." या युक्तिवादास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण आदल्या वर्षीं आमच्या मातोश्री वारल्या होत्या, त्या वेळीं घुबड बोललें होतें कीं नाहीं हें कोणास आठवत नसलें, तरी आतां तें बोललें असलेंच पाहिजे असें सर्वांस वाटूं लागलें होतें.

शेवटीं मीं शास्त्र सोडलें आणि हिशेब धरला. त्या पावसाळ्यांत उंदरांनीं बियाण्याचीं पोतीं कुरतडलीं होतीं, कणगीच्या बुडांतून जोंधळा काढला होता, आणि लग्नाकरितां घेऊन ठेवावयाचा तांदूळ कोठें ठेवावा याची वहिनींनाच रोज काळजी होती. मी म्हणालों, "वहिनी, लग्न होईपर्यंत तांदळाला राखणदार पाहिजे ना? हा पगार मागत नाहीं." बंधू इतका वेळ गप्प होते ते हंसले, आणि घुबडास मुदत मिळाली. अट अशी कीं, माळ्याच्या तोंडाशीं तरटाचा पडदा लावावा आणि पाहुण्यांपैकीं कोणास कळूं देऊं नये.

पुढील तीन महिने मी व पुतण्या यांनीं जें पाहिलें तें कोणत्याही कृषिप्रदर्शनांत पाहावयास मिळालें नसतें. मादी अंडीं एकदम घालीत नाहीं. दोन-तीन दिवसांच्या अंतरानें घालते व पहिल्या अंड्यापासूनच उबविते. म्हणून सुमारें महिन्यानें पिलें निघतात तींही एकामागून एक, आणि एकाच घरट्यांत थोरलें पिलूं मुठीएवढें तर धाकटें सुपारीएवढें असा प्रकार दिसतो. भक्ष्य कमी पडलें तर धाकटें मरतें. आमच्याकडे एक मेलें, चार जगलीं. दिवस मावळला कीं नर बाहेर पडावयाचा, आणि परत येतांना त्याच्या पायांत बहुधा उंदीर. त्याचा उडण्याचा आवाज होत नाहीं. त्याचे दोन कान डोक्याच्या दोन बाजूंस सारख्या उंचीवर नसतात. त्यामुळें आवाज नेमका कोठून व किती खालून आला हें त्यास कळतें, आणि पूर्ण अंधाऱ्या खोलींतही तें केवळ कानांच्या साह्यानें उंदीर धरतें, हें विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनीं प्रयोग करून सिद्ध केलें आहे. न पचलेलीं हाडें व केंस यांची अंगठ्याएवढी गोळी तें तोंडावाटे टाकतें. पुतण्यानें अशा ११ गोळ्या पाण्यांत भिजवून सोडविल्या. त्यांत १९ कवट्या निघाल्या. दोन चिचुंद्रीच्या व बाकीच्या सर्व उंदरांच्या. पांखराची एकही नाहीं. पुतण्यानें त्या कवट्या पुठ्ठ्यावर ओळीनें चिकटवून वहिनींस नेऊन दाखविल्या. वहिनींनीं नाक मुरडलें. पण त्या दिवसापासून पडदा नीट आहे कीं नाहीं हें त्या स्वतः पाहूं लागल्या.

लग्नाच्या दिवशीं धाकटें पिलूं माळ्यावरच होतें. मांडवांत सनई वाजत होती व वर तें फूत्कार टाकीत होतें. तांदळाच्या पोत्यांस दांत लागला नाहीं. मुलीचा संसार आज सुखाचा चालला आहे. त्याचें श्रेय मी घुबडास देत नाहीं. नसलेलें श्रेय देणें आणि नसलेला दोष देणें हे एकाच माळेचे मणी आहेत.

येथवरची हकीकत सांगण्यास मला आनंद वाटतो. पुढची सांगण्यास वाटत नाहीं. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत उंदीर पुनः वाढले. घुबडाची जोडी गांवांतच होती, पण मला धीर निघाला नाहीं. तालुक्याच्या दुकानांतून मीं मेणाच्या विषारी वड्या आणल्या व घरांत, गोठ्यांत, बांधावर टाकल्या. हें ब्रोमाडिओलोन जातीचें विष तत्काळ मारीत नाहीं. त्यानें रक्त गोठण्याची शक्ति नाहींशी होते व उंदीर कांहीं दिवसांनीं मरतो. तोंवर तो मंद होऊन उघड्यावर हिंडतो, आणि विष त्याच्या काळजांत साठलेलें असतें. असा उंदीर घुबडास सर्वांत आधीं सांपडतो. दहाव्या दिवशीं सकाळीं मादी गव्हाणींत पंख पसरून पडलेली सांपडली. चोंचीला रक्त होतें. संध्याकाळीं ती मेली. तिची चिरफाड करून तपासणी मीं करविली नाहीं, म्हणून पंचनाम्याच्या भाषेंत मृत्यूचें कारण निर्विवाद लिहितां येणार नाहीं. पण माझ्या मनांत शंका नाहीं. वहिनींनीं तिच्यावर घोंगडीचा तुकडा टाकला आणि त्या दिवशीं माझ्याशीं कोणी बोललें नाहीं.

उंदराची मादी अवघ्या तीन आठवड्यांत विते, आणि वर्षांतून अनेक वेळां विते. घुबडाचें पिलूं घरट्यांतून उडण्यासच दोन महिने लागतात. विषानें दोघेही मेले तर पुनः आधीं कोण भरून येणार, हें सांगावयास नको. म्हणून माझें मत असें आहे कीं, ज्या घरांत किंवा शेतांत घुबडाचा वावर आहे तेथें हें मंद विष वापरूंच नये. पिंजरे लावावे, बिळें खणून बुजवावीं, कणग्या जमिनीपासून उंच घ्याव्या, बांधावरील गवत काढावें, आणि शेतांत पक्षिथांबे उभे करावे. थांबा म्हणजे कांहीं मोठें काम नव्हे. दहा-बारा फुटी बांबूच्या टोकास आडवें लाकूड बांधलें म्हणजे झालें. दिवसा त्यावर कोतवाल बसून किडे टिपतो आणि रात्रीं घुबड. ज्यांस विषावांचून गत्यंतरच नाहीं त्यांनीं निदान मेलेले उंदीर रोज सकाळीं वेंचून खोल पुरावे. एवढें करण्याचा कंटाळा असेल तर विष आणूं नये.

कायद्याचेंही सांगून ठेवतों, कारण पुष्कळांस वाटतें कीं आपल्या घरांतील घरटें ही आपली मालमत्ता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांत शिकार या शब्दाची व्याख्याच अशी आहे कीं, पक्ष्यांचीं अंडीं नष्ट करणें व घरटीं विस्कटणें यांचाही तींत समावेश होतो; आणि घुबड हें संरक्षितांपैकीं आहे. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास तोडग्याकरितां घुबडें धरून विकणारे लोक फिरतात. त्यांस जागा दाखविणारा शेतकरीही या पापांत भागीदार होतो.

पारव्यांची गोष्ट निराळी. माळ्यावर व गच्चीवर त्यांस दाणे घालून पुण्य जोडण्याची जी चाल शहरांतून आपल्याकडे येत आहे ती मला मान्य नाहीं. त्यांच्या विष्ठेच्या धुरळ्यानें फुप्फुसांचा विकार जडतो, आणि त्यांची संख्या आपण घातलेल्या दाण्यांवरच वाढते. विहिरींत ते आहेत तेथें असूं द्यावे. घरांत मात्र त्यांच्यासाठीं जाळी लावण्यास माझी हरकत नाहीं. घाणीचा मुद्दा घुबडासही लागू आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. माळ्याखालीं दुर्गंधी येते. खालीं जुनें तरट अंथरावें आणि पिलें उडाल्यावर तें काढून जाळून टाकावें.

राहतां राहिला जागेचा प्रश्न. इस्राएलांतील शेतकऱ्यांनीं १९८३ पासून शेतांत खांबांवर लांकडी पेट्या लावून या गव्हाणी घुबडास वसविलें, आणि पुढें शेजारच्या जॉर्डनमधील शेतकरीही त्या कामांत सामील झाले, हीं दोन राष्ट्रें एकमेकांशीं लढलेलीं असतांना. मलेशियांतही तेलताडाच्या मळ्यांत अशाच पेट्या आहेत. आपल्याकडे पेटीची गरज पूर्वीं नव्हती, आतां पडली आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी साध्या फळ्यांची पेटी करावी, तिला सुमारें अर्ध्या फुटाचें दार ठेवावें, आणि जमिनीपासून बारा फुटांवर, पाऊस व दुपारचें ऊन लागणार नाहीं अशा बाजूस, गोठ्याच्या भिंतीवर बसवावी. चिमणीस तर वीतभर पेटी व सव्वा इंचाचें भोंक पुरतें. जे गृहस्थ नवीन घर बांधीत आहेत त्यांनीं गवंड्यास छपराखालीं दोन विटांची जागा मोकळी ठेवावयास सांगावें. त्याची तो वेगळी मजुरी मागणार नाहीं.

गेल्या वर्षीं जुना गोठा पाडून आम्हीं नवा बांधला, तेव्हां त्याच्या पूर्वेकडील भिंतीवर मीं अशी पेटी बसविली. वर्षभर ती रिकामी होती. यंदा वैशाखांत आंत हालचाल दिसली म्हणून पुतण्या मोठ्या आशेनें शिडीवर चढला, तों दोन साळुंक्या त्याच्या अंगावर धांवून आल्या. त्यांस काढून पेटी मोकळी करावी असें माझ्या मनांत होतें. वहिनी म्हणाल्या, "बसल्या आहेत त्या बसूं द्या, भाऊजी. दुसरी करा." सुतारास सांगितली आहे, मार्गशीर्षांत देतों म्हणाला.